रकाना नसलेल्या गोष्टी



आज आम्ही तुमच्याशी आमच्या पिशवीबद्दल बोलणार आहोत. गटांचं काम करणाऱ्या बाईची पिशवी तुम्ही पाहिलीच असेल. आम्ही चौघीजणी मिळून ३८ गट बघतो, म्हणजे पिशव्या चार. प्रत्येकीत इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तक, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, पाण्याची बाटली. आणि तळाशी कागद. लग्नपत्रिकेची मागची बाजू, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, कॅलेंडरचं फाडलेलं पान, एसटीचं तिकीट. त्यावर घाईघाईने काहीतरी खरडलेलं. ‘काळी शेळी, २ तारीख.’ ‘आजींचा अंगठा मशीनवर उमटत नाही.’ ‘धाकट्या जाऊबाईचं खातं दुसऱ्या बँकेत.’ लिहिलं त्या दिवशी सगळं लख्ख माहीत असतं. महिन्याने तोच कागद हातात आला, की कुणाची शेळी आणि कुठल्या महिन्याची २ तारीख, काही उमगत नाही.

आता कुणी म्हणेल, गटाकडे वह्या काय कमी आहेत? नाहीतच कमी. पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं, लेखे अद्ययावत ठेवणं. पाचव्या सूत्रापायी तर आमच्या बोटांना घट्टे पडलेत. पण त्या सगळ्या वह्यांत रकाने पैशाचे असतात. कुणी किती भरले, किती उचलले, किती फेडले. हजर का गैरहजर. बाई बैठकीत पन्नास रुपये भरते त्याला रकाना आहे; उठता उठता उंबऱ्यात थांबून हळूच जे बोलते, त्याला नाही. आणि आम्हाला विचाराल तर कामाचं निम्मं बोलणं त्या उंबऱ्यातच होतं.

हे आम्हाला आधीपासून कळत होतं असं नाही. एका मरणाने कळलं.

आमच्या एका गटातली बाई आषाढात काविळीने गेली. चाळिशीतली होती. मागे नवरा, बारावी झालेली मुलगी, त्याहून लहान मुलगा. आम्ही दहाव्याला गेलो, गटाचं तिचं कर्ज किती राहिलं ते बघितलं, ग्रामसंघातून थोडी मदत मिळवून दिली. झालं, आपलं काम केलं असं वाटलं. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. फी भरायची वेळ आली तेव्हा घरात पैसे नव्हते. दवाखान्यापायी दोन शेळ्या आधीच विकल्या होत्या, कानातलं गेलं होतं. मुलीचा प्रवेश राहिला.

दिवाळीची साफसफाई करताना आमच्यातल्या एकीने पिशवी झटकली, तर तळातून कॅलेंडरचं एक पान निघालं. त्याच्या मागे सात नावं, आणि वर लिहिलेलं, ‘४३६ वाला फॉर्म, बँकेत दिला.’ त्या सातांत तिचं नाव होतं.

४३६ वाला म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. बँकेत खातं असलेल्या १८ ते ५० वयाच्या माणसाला तो घेता येतो. दरवर्षी मेच्या अखेरीस खात्यातून ४३६ रुपये कापले जातात, १ जून ते ३१ मे असं वर्ष धरतात, आणि त्यात विमा काढणारं माणूस कुठल्याही कारणाने गेलं तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपयांचा सुरक्षा विमा तो वेगळा, तो अपघाताचा. दोन्हींत गल्लत करू नका, आमचीही व्हायची. जीवन ज्योतीचा दावा मृत्यूनंतर शक्यतो ३० दिवसांच्या आत द्यावा असं सांगितलेलं आहे. आम्ही चौथ्या महिन्यात जागे झालो.

पासबुक छापून आणलं. मेच्या शेवटी ४३६ कापल्याची ओळ त्यात स्पष्ट होती. नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं, बायकोने एक फॉर्म भरलाय एवढंसुद्धा नाही. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, वारसाच्या खात्याची कागदपत्रं, चार हेलपाटे, आणि संक्रांतीनंतर पैसे जमा झाले. पण मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच. बँकेचं यात काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. माहिती आमच्याकडे होती. आमच्याच अक्षरात, आमच्याच पिशवीत, पाण्याच्या बाटलीखाली.

त्या दिवाळीत आम्हाला फराळ गोड लागला नाही.

मग ठरवलं की कागद बंद, आता सगळं फोनवर. इथे आमचे तीन प्रयोग फसले, तेही सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला, व्हॉट्सॲपवर चौघींचा ग्रुप. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी गुलाबाची फुलं आणि सुविचार सुरू झाले, आणि विम्याची यादी शुभ सकाळीच्या खाली गाडली गेली. दुसरा, ज्याने त्याने व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करायचा. ही सोय चांगली आहे, अजूनही वाटेत चालताना आम्ही वापरतो. पण ती पडवी झाली, फडताळ नव्हे. येईल ते टाकायला ठीक. तिसरा प्रयोग एक्सेलचा. आमच्यातल्या एकीने प्रशिक्षणात शिकून आल्यावर मोठ्या हौसेने तक्ता केला. लगेच अडलो. ‘आजींचा अंगठा उमटत नाही’ हे कुठल्या रकान्यात घालायचं? शेवटी एक रकाना केला ‘इतर’. महिन्याभरात बाकीचे रकाने रिकामे आणि ‘इतर’ ओसंडून वाहतोय. तेव्हा लक्षात आलं, की अशा गोष्टींना आधी रकाना पाडून ठेवताच येत नाही. आधी लिहून ठेवायचं असतं. त्या कशाच्या आहेत ते पुढे कळतं.

कीप हे ॲप आम्हाला दाखवलं ते त्याच मुलीने. वर्षभर घरीच होती, डाळिंबाच्या पॅकिंगला जायची. एका बैठकीला वडिलांचा निरोप घेऊन आली होती. आमची कागदांची धांदल बघून म्हणाली, “मावशी, यात लिहा ना.” पिवळ्या कागदावर बल्बचं चित्र असतं ते. गुगलचं आहे, पुष्कळ फोनांत आधीपासून असतं, नसलं तर फुकट घेता येतं. उघडून नवी चिठ्ठी घेतली की कोरी जागा समोर येते. काही विचारत नाही. नाव सांगा, क्रमांक सांगा, रकाना भरा, काही नाही. लिहायचं आणि बंद करायचं. जतन करायचं बटणसुद्धा दाबावं लागत नाही. रेंज नसेल तरी चिठ्ठी फोनात राहते आणि रेंजमध्ये आलं की आपल्या गुगलच्या खात्यात जाते. आमच्या दोन वस्त्या डोंगराच्या आड आहेत, तिथे हे फार उपयोगी पडलं. आमच्यातल्या एकीचा फोन बाजारात चोरीला गेला तेव्हा नव्या फोनात जुनं खातं घातल्यावर सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा परत आल्या. पासवर्ड मात्र तिने घरी वहीत लिहून ठेवला होता, म्हणून.

लिहायचा कंटाळा असेल तर कीबोर्डावर माइकचं चित्र असतं, ते दाबून बोला. भाषा मराठी करून घ्या आधी. चुका होतात. ‘शेळी व्याली’ म्हटलं तर एकदा ‘शाळेवाली’ आलं, आणि ही शाळेवाली बाई कोण, म्हणून आम्ही दोन दिवस डोकं खाजवत होतो. तेव्हापासून बोलून झालं की एकदा वाचून बघतो.

फोटोही ठेवता येतो. दाखला, पावती, पासबुकाचं पान. पण आपलं हाताने लिहिलेलं मराठी फोटोत असेल तर शोधताना ते सापडेल या भरवशावर राहू नका. आम्हाला नाही सापडलं. फोटोखाली दोन शब्द टाइप करायचेच.

आता शोधण्याचं सांगतो, कारण सगळं गुपित तिथे आहे. वहीत शोधायचं तर पानं उलटावी लागतात. इथे वर शोधायची जागा असते, तिथे शब्द घातला की तो शब्द असलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पुढ्यात येतात. आम्ही खूष. पण एकदा ‘विमा’ घातलं, तर अर्ध्याच चिठ्ठ्या आल्या. बाकीच्या गेल्या कुठे? बघतो तर त्यांत लिहिलं होतं ‘विम्याचे पैसे’, ‘विम्यासाठी सही’. आपण मराठी बायका ‘विमा’ म्हणत नाही हो सारखं, ‘विम्याचं’ म्हणतो. ‘दाखला’चं ‘दाखल्यासाठी’ होतं, ‘शेळी’च्या ‘शेळ्या’ होतात, ‘विहीर’ची ‘विहिरीवर’ जाताना दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. माणसाला कळतं की शब्द तोच आहे. फोन अक्षरं जुळवतो. अक्षर बदललं की त्याच्या लेखी शब्द वेगळा. शाळेत सामान्यरूप शिकताना याचा पुढे कुठे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

म्हणून आम्ही एक रीत पाडली. वर कसंही लिहा, तुमच्या बोलीत लिहा, पण चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत खुणेचा शब्द लिहायचा, ठरलेला, ठरलेल्याच स्पेलिंगने. आमचे खुणेचे शब्द सहा आहेत. विमा, दाखला, जनावर, हप्ता, माल, निरोप. सुरुवातीला आम्ही तेवीस केले होते, शिवाय रंग. पिवळा म्हणजे बँक, हिरवा म्हणजे शेती, गुलाबी म्हणजे कोण जाणे काय. आठ दिवसांत रंगांचा अर्थ चौघींचा चार झाला. रंग दिसायला छान असतात एवढंच.

कीपमध्ये लेबल लावायची सोय आहे, ती का वापरत नाही, असं प्रशिक्षणातल्या सरांनी विचारलं होतं. वापरून बघितली. चिठ्ठी दुसऱ्या बाईबरोबर वाटून घेता येते, म्हणजे दोघींच्या फोनात एकच चिठ्ठी, एकीने लिहिलं की दुसरीला दिसतं. पण एकीने लावलेलं लेबल दुसरीच्या फोनात जात नाही. चिठ्ठीत लिहिलेला शब्द मात्र जातो. एकटीने काम करणारी असेल तर लेबल जरूर लावा. चौघींचं काम असेल तर शब्दच बरा.

नावांचाही घोळ असतो. आमच्या एका गटात एकाच नावाच्या तीन बायका आहेत, त्यातल्या दोघी एकाच आडनावाच्या. त्यामुळे नावासोबत गट आणि वस्ती लिहायची. आणि तारीख, महिन्यासकट. ‘काळी शेळी, २ तारीख’ ही चिठ्ठी आता अशी असते: ‘२ ऑक्टोबर, माळावरची वस्ती, गटाच्या सचिव, काळ्या शेळीला बोकड दाखवला, १ मार्चच्या सुमाराला व्यायची. जनावर.’ शेळी पाच महिन्यांची, म्हणजे दीडशे दिवसांची गाभण असते, तेवढा हिशोब तिथेच करून टाकायचा. फेब्रुवारीत पशुसखी ताईंना ‘जनावर’ शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून दिल्या, तर कुठल्या वस्तीवर कधी जायला हवं हे त्यांना बसल्या जागी कळलं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस कुणाच्या शेळ्यांना राहिली तेही निघालं.

एवढं करूनही चिठ्ठ्या साचतातच. साचल्या की पुन्हा पिशवीच. म्हणून शुक्रवारी आम्ही चौघी ग्रामसंघाच्या खोलीत तासभर बसतो. गुरुवारी बाजार असतो, त्यामुळे शुक्रवार. आठवड्याच्या सुट्या चिठ्ठ्या एकेक करून वाचतो. प्रत्येक गटाची एक मोठी चिठ्ठी केलीय, चौघींत वाटलेली. कामाची ओळ त्या गटाच्या चिठ्ठीत सगळ्यात वर लिहितो आणि सुटी चिठ्ठी काढून टाकतो. पैशाचं काही असेल तर ते त्याच वेळी वहीत जातं, कारण फोनातली ओळ म्हणजे सही-अंगठ्याचा पुरावा नव्हे, बँकेत आणि ऑडिटला वहीच लागते. चुकून काढलेली चिठ्ठी सात दिवस कचऱ्याच्या डब्यात राहते, तोवर परत मिळते. सुरुवातीला आमचे दोन दोन तास जायचे आणि निम्मा वेळ चहात. अजूनही एखादा शुक्रवार बुडतो. मग पुढचा जड जातो.

या शुक्रवारांपैकी एक आम्हाला चांगला आठवतो. वरच्या वस्तीतल्या तीन गटांत काही बायका बैठकीला येईनाशा झाल्या होत्या. वहीत काय दिसतं? गैरहजर, गैरहजर, गैरहजर. आम्हीही म्हणायचो, या बायकांना गटाचं गांभीर्य नाही. एकदोघींना दंडही लावला होता. त्या शुक्रवारी दुसरंच काही शोधायला म्हणून ‘हप्ता’ शब्द घातला. आणि चौघींच्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या चिठ्ठ्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. ‘मंगळवारी जमत नाही म्हणाली, हप्त्याचा माणूस येतो.’ ‘गटातून ३ हजार मागितले, कशाला ते सांगेना. मंगळवारच्या आत पाहिजेत.’ ‘शेजारणीचा हप्ता हिला भरावा लागला.’ ‘रात्री ८ ला दारात बसून होते.’ ‘मंगळवारी शेतात लपून बसली, असं सासू म्हणाली.’ एकेक ओळ एकेकीने कधीतरी लिहिलेली, लिहून विसरलेली. आमच्या बैठका मंगळवारी. आणि खासगी फायनान्सची वसुलीही मंगळवारी, त्याच वस्तीत.

बायका बेफिकीर नव्हत्या. तोंड चुकवत होत्या. गटात बसलं तर शेजारणीसमोर विषय निघेल, म्हणून.

आम्ही आधी दंड परत केला. मग बैठक शनिवारी नेली. ग्रामसंघात, कुणाचंही नाव न घेता, हा विषय मांडला. तिथे एकेक तोंड उघडलं. कुणाकडे दोन कंपन्यांची कर्जं, कुणाकडे तीन, एकीचं फेडायला दुसरीचं उचललेलं. अशा कर्जाचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढेच असतं. नियमित फेडणाऱ्या महिला गटाला ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकतं, हे त्याच बायकांना ठाऊक होतं. पण गटाच्या कर्जाला ठराव लागतो, कागद लागतात, महिने जातात, आणि मुलाला ताप आज आलेला असतो. हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आम्ही त्यावर काही बोललो नाही. आजारपणासाठी गटातल्या गटात दोन दिवसांत पैसे मिळावेत म्हणून तीनही गटांनी थोडी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केली, एवढं झालं. आणि रात्रीच्या वसुलीचं. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. अशा छोट्या कर्जांची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर तसं पत्र दिलं. रात्रीचं येणं थांबलं. कर्ज काही थांबलेलं नाही, ते फेडतायत अजून.

आता एक गोष्ट सांगायची आहे ती सांगायला जड जाते. पण सांगितल्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही.

आमच्यातल्या एकीने एका बाईच्या घरची मारहाण चिठ्ठीत लिहून ठेवली. नावासकट, वस्तीसकट. आम्हीच रीत पाडली होती ना, नाव-गट-वस्ती लिहा म्हणून. तिचा फोन घरात सगळेच वापरतात. संध्याकाळी मुलाने गेम खेळायला घेतला, चिठ्ठी समोरच होती, त्याने वाचली. मुलगा वाईट नाही, लहान आहे. त्याने मित्राला सांगितलं. तीन दिवसांत वस्तीभर झालं. ती बाई बैठकीला यायची बंद झाली. आम्ही चौघी तिच्याकडे गेलो तर दारातूनच म्हणाली, “तुम्हाला सांगितलं होतं. फोनला नव्हतं सांगितलं.”

याला उत्तर नव्हतं. माफी मागितली. दोन महिने ती आली नाही, मग आली, अजून आमच्याशी पहिल्यासारखं बोलत नाही.

त्या दिवसापासून काही गोष्टी फोनात लिहायच्या नाहीत असं ठरवलंय. मारहाण, बाईचं आजारपण, घरातलं भांडण, कुणाच्या मुलीचं काही. त्यासाठी ‘अमक्या दिवशी भेटायचं’ एवढीच ओळ, नाव न घालता. बाकीचं डोक्यात ठेवायचं, पूर्वी ठेवायचोच की. मदत हवी असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, तो बाईला पाठ करून द्यायचा, तिच्या फोनात दुसऱ्या नावाने घालून द्यायचा. आधार क्रमांक, पिन, ओटीपी तर कधीच नाही, चिठ्ठीत नाही आणि फोटोतही नाही. फोनला कुलूप हवंच. कीपमध्ये एकेका चिठ्ठीला वेगळं कुलूप लावायची सोय आम्हाला मिळाली नाही, त्यामुळे घरात फोन फिरत असेल तर फोनच्या सेटिंगमधून ते ॲपच बंद करून ठेवता येतं का ते कुणाकडून तरी करून घ्या. कुणी काम सोडून गेली तर वाटलेल्या चिठ्ठ्यांतून तिचं नाव काढायचं, हेही आम्ही एकदा विसरलो होतो.

आणि लिहिण्याआधी विचारायचं, “ताई, हे लिहून ठेवू का?” बहुतेक जणी हो म्हणतात. एखादी नाही म्हणते. एखादी म्हणते, लिही, पण नवऱ्याचं नाव नको.

अलीकडे बैठक संपताना आम्ही आणखी एक करतो. त्या दिवशी फोनात जे लिहिलं ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो. आमच्या गटांत वाचता न येणाऱ्या बायका आहेत, त्यांना वही काय आणि फोन काय, सारखंच. वाचलं की चुका लगेच निघतात. मागच्या शनिवारी आम्ही वाचलं, ‘विम्याचे फॉर्म अकरा जणींचे दिले.’ तर कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, “दहाच. माझा परत आला. वय जास्त भरलं.” खरं होतं. पन्नाशीच्या वर जीवन ज्योती नव्याने घेता येत नाही. सुरक्षा विम्याला सत्तरपर्यंत चालतं, तो त्यांचा भरायचा ठरलं, ते लिहिलं.

उठताना त्यांनी पुन्हा हाक मारली. “आणि माझी शेळी लिहिली का?”

“कुठली आजी?”

“पांढरी. परवा दाखवलाय बोकड. लिही. तारीख घाल, नाहीतर मागच्यासारखं व्हायचं.”

लिहिलं. वाचून दाखवलं. मग त्या उठल्या.